लष्करी सरावाच्या सिम्युलेशनसाठी निर्णय घेणारा एजंट: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सरावाच्या सिम्युलेशनमध्ये शत्रूची तुकडी चालवणारा एजंट, म्हणजे तिच्या कमांडरऐवजी निर्णय घेणारं सॉफ्टवेअर, बांधायला घेतला की बहुतेक टीमचा पहिला प्रश्न असतो, ‘अल्गोरिदम कोणता घ्यायचा?’ घोळ तिथूनच सुरू होतो. शेवटी हाती येणारा एजंट एक तर उघड्यावर उभा राहून मार खाणारा असतो, नाहीतर टेकडीपलीकडे काय चाललंय ते आधीच ठाऊक असलेला. दोघांसमोरही सराव करणारा अधिकारी एकच गोष्ट शिकतो: सॉफ्टवेअरला कसं हरवायचं. याला नकारात्मक प्रशिक्षण म्हणतात. प्रशिक्षण न देण्यापेक्षा ते वाईट, कारण ती चुकीची सवय घेऊन तो अधिकारी खऱ्या जमिनीवर उतरतो आणि त्याच्या मागून माणसं चालत असतात.

हे टप्पे ज्यांच्याकडे सिम्युलेटर आधीपासून आहे आणि त्यात निर्णय घेणारा एजंट जोडायचा आहे, त्यांच्यासाठी आहेत. क्रम मोडू नका. निर्णययंत्रणेची निवड सहाव्या टप्प्यावर येते आणि ती तिथेच यायला हवी.

लेखभर एकच उदाहरण धरू. नदीवर एक पूल. पुलामागच्या चढावर शत्रूची पलटण, तीन चिलखती गाड्या. पूल शेवटपर्यंत लढवणं हे तिचं काम नाही. पुढे येणाऱ्या कंपनीला जमेल तितका वेळ थोपवायचं आणि पुरतं अडकण्याआधी दीड किलोमीटर मागच्या दुसऱ्या ठाण्यावर (ठाणं ब) सरकायचं. या पलटणीचा कमांडर म्हणजे आपला एजंट. समोरच्या कंपनीचा कमांडर म्हणजे प्रशिक्षणार्थी.

## टप्पा १: सरावाचं उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

‘एजंट वास्तववादी हवा’ हे उद्दिष्ट नव्हे. वाक्य प्रशिक्षणार्थ्याबद्दल हवं. आपल्या उदाहरणात ते असं होईल: ‘शत्रू खरोखर मागे हटतोय की दुसऱ्या ठाण्यावर सरकतोय, हे ओळखून कंपनी कमांडरने पाठलागाचा निर्णय वेळेत घ्यावा.’

या एका वाक्यातून बरंच काम ठरतं. माघारीच्या खुणा प्रशिक्षणार्थ्याला दिसल्या पाहिजेत. एक गाडी मारा चालू ठेवते आणि दोन हलतात, धुराचा पडदा येतो, माऱ्याचा वेग बदलतो. या खुणा एजंटने नीट निर्माण करायला हव्यात. उलट इंधनपुरवठा, जखमींना हलवणं, वरिष्ठ मुख्यालयाची योजना यांवर एजंटची बुद्धी खर्च करायची गरज नाही. ते सरावाच्या पटकथेत आधीच लिहून टाका.

तपासणी: उद्दिष्टाच्या वाक्यात ‘एजंट’ हा शब्द आला असेल तर वाक्य पुन्हा लिहा. प्रशिक्षकाला वाचून दाखवा. ‘हे साधलं की नाही ते सरावानंतर कशावरून कळेल?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एजंट कोणत्या पातळीवर निर्णय घेणार ते ठरवा

गाडीची पातळी, पलटणीची पातळी आणि कंपनीची पातळी ही तीन वेगळी कामं आहेत. गाडीने आड शोधायची, नेम धरायचा, वळायचं. पलटणीने जागा, वेळ आणि कोणी कोणाला आधार द्यायचा ते ठरवायचं. तिन्ही पातळ्या एकाच नियमसंचात कोंबल्या की कमांडर एकीकडे माघारीचा विचार करतो आणि दुसरीकडे स्टिअरिंग फिरवतो. असा कोड दुरुस्त करताना एक धागा ओढला की दुसरा तुटतो.

पलटणीच्या एजंटने फक्त आदेश द्यावेत: ‘गाडी २, धूर टाकून ठाणं ब कडे सरक.’ तो आदेश पाळण्याचं काम सिम्युलेटरमध्ये आधीच असलेल्या अर्धस्वयंचलित वर्तनावर, म्हणजे गाडी वळवणं, नेम धरणं अशा तयार कृतींवर, सोपवा. आदेशांची यादी लहान ठेवा. या उदाहरणाला पुरेल इतकी ती अशी: थांब, पाहा, मारा कर, मारा थांबव, धूर टाक, सरक, अहवाल दे.

इशारा: वरची पातळी माणसाकडे ठेवायची की नाही, हेही आत्ताच ठरवा. शत्रूचा कंपनी कमांडर माणूस आणि खालच्या पलटणी एजंटकडे, ही रचना अनेकदा सर्वांत फायद्याची ठरते. कमी माणसांत मोठं सैन्य उभं राहतं आणि डाव माणसाच्या हाती राहतो.

## टप्पा ३: जाणकाराकडून निर्णय काढून घ्या

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ मागतो आणि त्याला तो सगळ्यात कमी मिळतो. नियमपुस्तिका वाचून नियम लिहिणं सोपं वाटतं, म्हणून टीम तिथेच थांबते. पुस्तिका काय करावं ते सांगते. अनुभवी कमांडर कशावरून ओळखतो, ते त्यात नसतं.

प्रश्न विचारण्याची पद्धत इथे फार फरक पाडते. ‘सर, माघार कधी घ्यावी?’ असं मोघम विचारलं तर ‘परिस्थिती पाहून’ असंच उत्तर येणार. त्याऐवजी एक ठरावीक प्रसंग धरा. ‘सर, त्या सरावात तुम्ही माघारीचा आदेश दिलात. त्याआधीच्या दहा मिनिटांत काय दिसलं, काय ऐकलं?’ मग उत्तरं कामाची येऊ लागतात: डावीकडून इंजिनांचा आवाज आला, पण दिसलं काही नाही; एका गाडीचा वायरलेस गप्प झाला; समोरच्यांनी मारा थांबवला आणि ती शांतता खटकली. यातली शेवटची खूण कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली ‘क्रिटिकल डिसिजन मेथड’ याच धर्तीची आहे. एक प्रसंग घ्यायचा, त्याची वेळरेषा आखायची आणि मग तोच प्रसंग खोदून पुन्हा पुन्हा विचारायचा. अनुभवी माणूस पर्यायांची यादी करून तुलना करत बसत नाही. परिस्थिती ओळखीची वाटते, पहिला सुचलेला मार्ग तो मनात चालवून पाहतो आणि पटला तर तोच घेतो. हे क्लाइन यांचं निरीक्षण एजंटच्या रचनेला थेट उपयोगी पडतं.

प्रत्येक निर्णयासाठी पाच गोष्टी टिपा: कोणत्या खुणा दिसल्या, त्यांवरून काय समजलं, काय व्हावं असं वाटत होतं, काय केलं, आणि कोणती एक गोष्ट वेगळी असती तर निर्णय बदलला असता. पाचवा रकाना रिकामा सोडू नका. नियमाची मर्यादा त्यातच असते.

तपासणी: निदान दोन जाणकारांशी वेगवेगळं बोला. दोघांचं एकमत झालं नाही तर सरासरी काढू नका. तो मतभेद जपून ठेवा. त्यातून एकाच भूमिकेच्या दोन स्वभावांचे एजंट मिळतात, आणि दुसऱ्या सरावात प्रशिक्षणार्थ्याला तोच शत्रू पाठ झालेला नसतो.

## टप्पा ४: एजंटच्या डोळ्यांवर गाळणी बसवा

सर्वज्ञ एजंटचं मूळ इथे आहे, निर्णयाच्या कोडमध्ये नाही.

वेगवेगळे सिम्युलेटर जोडताना साधारणपणे डीआयएस (डिस्ट्रिब्युटेड इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन) म्हणजे आयईईई १२७८, किंवा एचएलए (हाय लेव्हल आर्किटेक्चर) म्हणजे आयईईई १५१६, ही मानकं वापरली जातात. दोन्हींमध्ये जाळ्यावर फिरतं ते सत्य: गाडी नेमकी कुठे आहे, किती वेगाने आणि कुठल्या दिशेने चालली आहे. पडद्यावर चित्र काढायला ते लागतंच. पण एजंटही त्याच जाळ्याला जोडलेला असतो आणि प्रोग्रामरला सगळं आयतं मिळतं. डीआयएसच्या एंटिटी स्टेट संदेशातली, म्हणजे प्रत्येक गाडीची स्थिती कळवणाऱ्या संदेशातली, तीन फील्ड विशेष दगा देतात.

फोर्स आयडी सांगतं की गाडी कोणत्या बाजूची. ते वाचणारा एजंट धुक्यातही स्वतःच्या माणसांवर चुकून गोळी झाडत नाही आणि शत्रूला ओळखायला क्षणभरही थांबत नाही. एंटिटी टाइप सांगतं की गाडी नेमक्या कोणत्या जातीची. तीन किलोमीटरवरचा ठिपका एजंटसाठी लगेच नाव-गाव असलेला रणगाडा होतो.

तिसरं फील्ड अपिअरन्स. त्यात धूर, ज्वाळा, नुकसान यांचे बिट असतात. डीआयएसमध्ये गोळा लागल्यावर किती नुकसान झालं ते लक्ष्याचा सिम्युलेटर ठरवतो आणि आपल्या पुढच्या संदेशातून कळवतो. एजंट नुकसानीचा बिट वाचत असेल तर तो त्याच घटकेला नेम दुसऱ्या गाडीकडे वळवतो. खरा गनर धुराकडे बघतो, गाडी हलते का पाहतो आणि खात्री नसेल तर आणखी एक गोळा टाकतो. प्रशिक्षणार्थ्याला हा फरक शब्दांत सांगता येत नाही, पण ‘हे यंत्र आहे’ हे त्याला पक्कं जाणवतं.

गाळणी या क्रमाने बांधा:

१. दृष्टिरेषा. मध्ये जमीन, झाडी, इमारत, धूर असेल तर दिसणार नाही. गाडीच्या केंद्रबिंदूपासून केंद्रबिंदूपर्यंत रेषा काढू नका. पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची घ्या आणि लक्ष्याचे निदान तीन-चार बिंदू तपासा, म्हणजे नुसता बुरूज वर असलेली गाडी अर्धवट दिसेल.

२. दिसलं ते किती कळलं. यासाठी १९५८ चे जॉन्सन निकष अजूनही सोयीचे आहेत. लक्ष्याच्या लहान बाजूवर सुमारे १ रेषाजोडी (एक काळी आणि एक पांढरी रेषा वेगळी दिसणं) उमटली तर ‘तिथे काहीतरी आहे’ इतकं कळतं. सुमारे ४ उमटल्या तर रणगाडा की ट्रक ते कळतं आणि सुमारे ६.४ उमटल्या तर नेमका कोणता ते. हे आकडे निम्म्या वेळा यश मिळण्याचे आहेत, हमखास यशाचे नव्हेत.

३. लक्ष. माणूस एका वेळी एका बाजूला पाहतो. प्रत्येक गाडीला पाहणीचा पट्टा द्या. पट्ट्याबाहेरचं उशिरा दिसेल.

४. विलंब. दिसणं आणि कळवणं यांत वेळ जातो. तो पुढच्या टप्प्यांत मोजायचा आहे.

इशारा: डेड रेकनिंगचा सापळा. दोन संदेशांमधल्या वेळेत गाडी कुठे असेल याचा अंदाज सिम्युलेटर मागच्या वेगावरून बांधतात. डीआयएसमध्ये ठरलेला ठोका सामान्यतः ५ सेकंदांचा असतो आणि १२ सेकंद काहीच आलं नाही तर गाडी यादीतून काढली जाते. हा जाळ्याचा हिशेब आहे. तो एजंटची स्मरणशक्ती म्हणून वापरला तर टेकडीआड गेलेली गाडीही एजंटला बरोबर ‘आठवते’, कारण संदेश येतच राहतात. उलट एखादा सिम्युलेटर अडकला तर १२ सेकंदांनी शत्रू नाहीसा झाला असं एजंट समजतो आणि पूल सोडून बाहेर येतो. एजंटचा अंदाज त्याने स्वतः शेवटचं जे पाहिलं त्यावरूनच निघाला पाहिजे आणि वेळ जाईल तशी त्यातली अनिश्चितता वाढली पाहिजे.

इशारा: दोन सिम्युलेटरमधली जमीन तंतोतंत जुळत नसेल तर एजंटला प्रशिक्षणार्थी दिसतो, पण प्रशिक्षणार्थ्याला एजंट दिसत नाही. ठाणी ठरवल्यावर प्रत्येक ठाण्यावरून दोन्ही बाजूंनी दृष्टिरेषा तपासा. गोष्ट छोटी आहे, पण तिच्यामुळे दिवसभराचा सराव वाया जातो.

## टप्पा ५: पाहिलेलं आणि समजलेलं यांची नोंदवही

गाळणीतून आलेलं थेट निर्णयाकडे पाठवू नका. मध्ये एक नोंदवही हवी. प्रत्येक नोंदीत काय, कुठे, शेवटचं केव्हा दिसलं, कोणी सांगितलं आणि खात्री किती, एवढं असावं:

‘लक्ष्य ४. बहुधा रणगाडा. पुलाच्या उत्तरेला झाडीत. १०:१४:२० ला शेवटचं दिसलं. गाडी २ ने कळवलं. खात्री मध्यम.’

नोंदवही प्रत्येक गाडीची वेगळी. कमांडरच्या वहीत दुसऱ्या गाडीची नोंद वायरलेसनेच यावी. वायरलेस जाम केला, किंवा ती गाडी निकामी झाली, की नोंदी येणं थांबलं पाहिजे. तीनही गाड्यांनी एकच सामायिक वही वापरणं ही नेहमीची आडवाट आहे. ती घेतली की प्रशिक्षणार्थ्याने शत्रूचं दळणवळण तोडण्यासाठी केलेली सगळी मेहनत निष्फळ ठरते आणि त्याला कारणही कळत नाही.

दोन गाड्यांनी एकच रणगाडा कळवला तर तो एक धरायचा की दोन? जवळच्या जागेच्या, जवळच्या वेळेच्या आणि मिळत्याजुळत्या वर्णनाच्या नोंदी एकत्र करा, पण हे एकत्रीकरण परिपूर्ण करायच्या मागे लागू नका. खरे कमांडरही गोंधळात शत्रूची संख्या जास्त धरतात. ती चूक एजंटकडून होऊ द्यावी, असं माझं ठाम मत आहे. फक्त ती लॉगमध्ये दिसली पाहिजे.

तपासणी: सराव मध्येच थांबवा आणि कमांडरची वही नकाशावर काढा. शेजारी सत्याचा नकाशा ठेवा. दोन्ही हुबेहूब जुळत असतील तर टप्पा ४ मध्ये कुठेतरी गळती आहे.

## टप्पा ६: आता निर्णययंत्रणा निवडा

इथे आल्यावर निवड सोपी होते, कारण निर्णय कोणते, खुणा कोणत्या आणि आदेश कोणते हे हातात असतं.

निर्णय मोजके आणि टप्प्याटप्प्याने येणारे असतील तर स्थितियंत्र (ठरलेल्या स्थिती आणि एकीतून दुसरीत जाण्याच्या अटी) किंवा बिहेविअर ट्री (अटी आणि कृतींचं फांद्यांसारखं झाड) पुरेसं आहे. आपली पुलावरची पलटण एका नीट बांधलेल्या बिहेविअर ट्रीमध्ये बसते. अनेक गोष्टी एकाच वेळी तोलायच्या असतील, जसं की उरलेला दारूगोळा, परतीचा रस्ता, मिळवलेला वेळ, तर प्रत्येक पर्यायाला गुण देणारी पद्धत घ्या. ठरवलेल्या बेताला चिकटून राहणं आणि कारण असेल तेव्हाच तो सोडणं महत्त्वाचं असेल, तर समजुती, इच्छा आणि इरादे यांवर उभी असलेली बीडीआय रचना चांगली जमते. तिचं बोलणं लष्करी माणसाच्या बोलण्याच्या जवळ असतं, त्यामुळे नियम तपासायला जाणकाराला बसवता येतं.

नियमांवरचे एजंट जुनाट म्हणून टाकून देऊ नका. सोर या नियमांवर चालणाऱ्या रचनेवर बांधलेल्या टॅकएअर-सोर एजंटांनी ऑक्टोबर १९९७ च्या स्टो-९७ सरावात ४८ तासांत अमेरिकी विमानांच्या सातशेहून अधिक मोहिमा उडवल्या होत्या. त्यामागे ५,००० हून अधिक नियम होते. यातून क्षमता कळते, तसाच खर्चही कळतो: इतके नियम लिहायला आणि सांभाळायला माणसं लागतात.

पुन्हा पुन्हा खेळून स्वतःच डाव शिकणाऱ्या एजंटांबद्दल सावध राहा. ऑगस्ट २०२० मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या अल्फाडॉगफाइट चाचण्यांत हेरॉन सिस्टिम्स या कंपनीच्या एजंटने एफ-१६ च्या मानवी वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये ५-० ने हरवलं. एजंटला प्रतिस्पर्ध्याची स्थिती अचूक मिळत होती आणि तो समोरासमोर येऊन तोफ चालवत होता. असा समोरून मारा करायला वैमानिकांना सुरक्षेमुळे सरावात मनाई असते. शर्यत म्हणून तो निकाल मोठा आहे. पण तसाच एजंट प्रशिक्षकाच्या जागी बसवला तर विद्यार्थी काय शिकेल, हा प्रश्न वेगळा. बक्षिसावर शिकणारा एजंट सिम्युलेटरच्या त्रुटीही शोधून काढतो: नकाशाची कड, जमिनीत अर्धी रुतणारी गाडी, न संपणारा धूर.

म्हणून मी विभागणी अशी सुचवेन. काय करायचं हे नियमांनी ठरवावं, म्हणजे कारण सांगता येईल. आड शोधत गाडी हलवण्यासारखी खालची कौशल्यं शिकलेल्या मॉडेलकडे द्यायला हरकत नाही. शिकणारा एजंट आणखी एका कामाला उत्तम: सरावाआधी तो रात्रभर तुमच्या पटकथेविरुद्ध खेळवा, तो पटकथेतल्या पळवाटा दाखवेल. भाषा-मॉडेल निर्णयाच्या वाटेत ठेवू नका. तोच प्रसंग पुन्हा दिला तर तेच उत्तर येईल याची खात्री नसते आणि आढावा घेताना बोट ठेवायला काही उरत नाही.

## टप्पा ७: निर्णयाला वेळ लागू द्या, आणि डळमळ थांबवा

समजा माघारीची एक अट अशी लिहिली: शत्रू १,२०० मीटरच्या आत आला की सरक. शत्रू १,१९५ वर आला, एजंट निघाला. शत्रू १,२१० वर गेला, एजंट परत फिरला. पडद्यावर गाडी मागेपुढे नाचते आणि प्रशिक्षणार्थी तिला आरामात टिपतो. उपाय दोन. निघण्याची आणि परतण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवा, आणि निर्णय झाला की ठरावीक घटना घडेपर्यंत तो पुन्हा उघडू नका. ‘परतीचा रस्ता बंद’ ही तशी घटना. ‘अंतर थोडं वाढलं’ ही नव्हे.

विलंब साखळीने मोजा. गाडीने पाहिलं, कमांडरला कळवलं, कमांडरला समजलं, त्याने ठरवलं, आदेश गेला, चालकाने गाडी हलवली. प्रत्येक कडीला आपापला वेळ आणि त्यात थोडा चढउतार. सगळ्यांचा मिळून एकच ‘प्रतिक्रिया विलंब’ ठेवला तर वायरलेस बिघडल्यावर किंवा कमांडर गोंधळल्यावर काय बदलावं ते कळत नाही. आकडे अंदाजाने भरू नका. माणसांनी चालवलेल्या जुन्या सरावांच्या लॉगमधून मोजा.

इशारा: एजंट सोपा करायचा असेल तेव्हा नुसता त्याचा नेम बिघडवू नका. तीक्ष्ण निर्णय घेणारा पण प्रत्येक गोळा चुकवणारा शत्रू फसवा असतो. पाहणीचा पट्टा अरुंद करा, विलंब वाढवा, गाड्यांमधला समन्वय सैल करा. नवखी पलटण अशीच वागते.

## टप्पा ८: प्रत्येक निर्णयाचं कारण लिहून ठेवा

सरावानंतरच्या आढाव्यात, म्हणजे एएआरमध्ये, प्रशिक्षणार्थी विचारतो, ‘तो तेव्हाच मागे का गेला?’ उत्तर लगेच मिळायला हवं. नोंद अशी असावी:

‘१०:२१:०५. निर्णय: ठाणं ब कडे सरकणे. कारण: गाडी ३ कडून चार मिनिटं संपर्क नाही, डाव्या बाजूने दोन वाहनं, खात्री मध्यम, परतीचा रस्ता मोकळा असल्याची समजूत. नाकारलेला पर्याय: थांबून लढणे. बेत बदलला असता जर: गाडी ३ चा संपर्क आला असता.’

शेवटची ओळ टप्पा ३ मधल्या पाचव्या रकान्यातून येते. आढाव्यात प्रशिक्षक याच ओळीवर थांबतो, कारण शत्रूचा बेत कशाने बदलला असता हे तिथे प्रशिक्षणार्थ्याला दिसतं.

लॉग नंतर जोडू म्हणून टाळू नका. निर्णय घेणारा कोडच कारण लिहितो, अशी रचना पहिल्या दिवसापासून हवी. नंतर चिकटवलेलं स्पष्टीकरण बरेचदा खऱ्या कारणाशी जुळत नाही.

## टप्पा ९: चाचणी, खालून वर

आधी ‘लिहिलं तसं चालतं का’ हे पाहा, मग ‘चालतं ते खऱ्यासारखं आहे का’. पहिलं म्हणजे पडताळणी, दुसरं म्हणजे प्रमाणीकरण. हा क्रम उलटा झाला की जाणकारांचा वेळ साध्या बगवर जातो आणि तिसऱ्या बैठकीला ते येत नाहीत.

पडताळणीत एक चाचणी कधीही गाळू नका. एकच प्रसंग दोनदा चालवा, रँडमचं बीज तेच ठेवा, म्हणजे दोन्ही वेळा रँडम आकडे तेच येतील. दुसऱ्या वेळी फक्त एक बदल: टेकडीआडची, एजंटला कधीच न दिसणारी एक गाडी दुसरीकडे हलवा. एजंटचे दोन्ही लॉग ओळीओळीने जुळले पाहिजेत. एकाही ओळीत फरक पडला तर एजंटला कुठूनतरी सत्य कळतंय. यासाठी प्रत्येक एजंटचा रँडम प्रवाह स्वतंत्र असावा, नाहीतर हलवलेल्या गाडीने वापरलेले आकडे एजंटचे आकडे सरकवतात आणि नसलेली गळती दिसते.

मग कडेचे प्रसंग: कमांडरची गाडी पहिल्याच गोळ्यात गेली तर? वायरलेस सुरुवातीपासून बंद असेल तर? प्रशिक्षणार्थी अर्धा तास काहीच न करता थांबला तर? शेवटच्या प्रसंगात कच्चे एजंट ठाणं सोडून भटकायला लागतात.

प्रमाणीकरणासाठी माणसाने चालवलेल्या आणि एजंटने चालवलेल्या पलटणींची रेकॉर्डिंग मिसळून जाणकारांना दाखवा. कोणती कोणाची ते सांगू नका. ‘माणूस की यंत्र?’ असं विचारलं तर ते खुणा शोधण्याचा खेळ खेळू लागतात. ‘कोणता निर्णय चुकीचा वाटला आणि का?’ असं विचारा. एजंटच्या चुका माणसांच्या चुकांसारख्या असतील तर ठीक. वेगळ्याच जातीच्या असतील तर टप्पा ३ च्या टिपणांकडे परत जा.

तपासणी: मान्यता अमुक सरावासाठी आणि अमुक उद्दिष्टासाठी असते. पुलावरच्या सरावासाठी मान्य झालेला एजंट शहरी लढाईत तसाच वापरायचा नाही. नवं उद्दिष्ट आलं तर टप्पा १ पासून सुरुवात.

## टप्पा १०: सरावाचा दिवस

आदल्या दिवशी कोड गोठवा. ‘एवढी एकच ओळ’ म्हणून सकाळी केलेला बदल आत येऊ देऊ नका.

प्रशिक्षकाच्या पडद्यावर मोजकीच बटणं द्या: सावधपणा, चपळाई, चिकाटी आणि ताबा घेणे. कोडमधले पन्नास आकडे त्याच्यासमोर ठेवले तर तो एकालाही हात लावणार नाही.

ताबा घेण्यापेक्षा ताबा परत देणं जास्त वेळा फसतं. प्रशिक्षकाने पलटण हाताने ठाणं ब वर नेली आणि ताबा सोडला, की एजंटच्या मनात जुना बेत जिवंत असतो आणि तो गाड्या पुन्हा पुलाकडे वळवतो. ताबा परत येताना एजंटने जुना बेत टाकायचा, नोंदवहीतल्या नोंदी ठेवायच्या, आपल्या गाड्यांची आत्ताची जागा घ्यायची आणि नव्याने ठरवायचं. हे निदान तीन वेगवेगळ्या क्षणी तपासा: मारा चालू असताना, सरकत असताना आणि थांबलेला असताना.

सरावानंतर तक्रारी येतील. ‘शत्रूला सगळं माहीत होतं’ अशी तक्रार आली तर आधी गाळणीचा लॉग उघडा, मग नोंदवही. ‘शत्रू मूर्खासारखा वागला’ अशी आली तर आधी नोंदवही पाहा. बहुतेक वेळा नियम ठीक असतो, समजूत चुकीची असते. ‘शत्रू दर वेळी तेच करतो’ असं कळलं तर जाणकारांचा मतभेद कुठे पुसला गेला ते शोधा. नियमाला हात सगळ्यात शेवटी लावा. लावलात तर टप्पा ९ ची पूर्ण चाचणी पुन्हा चालवा आणि बदललेला नियम मूळ जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढच्या सरावात आणू नका.